चौथ्या पानावरचा खुलासा

११ जानेवारी

प्रिय आत्या,

या पत्रासोबत आमचा ताजा अंक आहे. आधी पहिलं पान वाच, मग हे पत्र. मला माहीत आहे तू उलट करणार, तरी सांगून ठेवते.

वाचलंस? आता ऐक. आमच्या नदीवर पलीकडे जायला पूल नाही, नगरपालिकेची फेरीबोट आहे. शाळा अलीकडे, दवाखाना पलीकडे, म्हणजे अर्धं गाव रोज त्या बोटीत बसतं. ही बोट ऑक्टोबरमधल्या तपासणीत नापास झाली होती. तळाचे पत्रे झिजलेले, पाणी उपसायच्या दोन पंपांपैकी एक बंद, आणि सत्तर माणसांमागे एकोणीस जाकिटं. तपासनिसांनी स्पष्ट लिहिलं होतं, दुरुस्तीशिवाय पाण्यात घालू नये. तरी अकरा आठवडे बोट चालू होती. तो अहवाल माझ्या हातात आला. कुणी दिला ते तुलाही सांगणार नाही.

बोटीवर रोजच्या तपासणीची एक वही असते. तिच्यात अकरा आठवडे 'सर्व ठीक' असा शेरा आणि खाली सही. त्या वहीच्या पानांच्या प्रतीही मिळाल्या. बोट चालवणारा तांडेल सव्वीस वर्षं त्याच फेरीवर आहे आणि त्यानं डोळे मिटून सह्या केल्या, हेही मी छापलं. नावासकट. उगाच गुळमुळीत लिहायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं.

शनिवारी दुपारी अंक संपले. संपादक होऊन मला दोन वर्षं झाली, पण असं पहिल्यांदाच घडलं. आपले मुद्रितशोधक मास्तर (शाळेतून निवृत्त झाले पण चुका काढायची सवय गेली नाही, ते) म्हणाले, "शुद्धलेखनाची एकही चूक नाही," आणि त्यांच्या तोंडून ही म्हणजे आरतीच समज. बाबा सकाळपासून अंक घेऊन फाटकात उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत. बोट सोमवारपासून बंद केली आहे. तोवर पलीकडच्या गावची छोटी होडी लोकांना नेते.

नगराध्यक्षांचा फोन आला होता. त्यांनी काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझी शाबासकी आली की जेवण गोड लागेल.

तुझी खारू


१८ जानेवारी

प्रिय खारू,

मी पत्रच आधी वाचलं.

मग अंक वाचला, दोनदा. शाबास. तपासनिसांच्या अहवालातले आकडे जसेच्या तसे दिलेस, स्वतःचे शब्द त्यांच्या तोंडी घातले नाहीस, हे मला फार आवडलं. वृत्तपत्र परिषदेच्या तक्रार विभागात तीस वर्षं बसून मी इतके कच्चे अहवाल पाहिलेत की नीट लिहिलेली बातमी दिसली की बरं वाटतं. कागद कुणी दिला ते विचारत नाही, सांगूही नकोस.

एकच विचारते. तांडेल काय म्हणाला? बातमीत नगराध्यक्षांचं म्हणणं आहे, तपासनिसांचं आहे, तीन प्रवाशांचं आहे. त्याचं कुठं दिसलं नाही. पान कमी पडलं म्हणून कापलंस का?

दादाला सांग, फाटकात उभं राहायचं तर डोक्याला काहीतरी बांध. थंडी बाधते त्याला, आणि मग तुला निस्तरावं लागतं.

आमच्या कार्यालयाची लिफ्ट पुन्हा बंद आहे. दुसरा मजला माझ्या गुडघ्यांना रोज नवा वाटतो. बाकी मी मजेत.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण इथे रणधुमाळी चालू आहे.

नगरपालिकेच्या सभांना आता आमच्या साप्ताहिकाला प्रवेश नाही. दारावर शिपाई उभा केलाय. तो बिचारा माझ्या शाळेतला, मान खाली घालून म्हणतो, "तुला सोडलं तर माझी बदली होईल." मी सभागृहाच्या खिडकीखाली बाकावर बसून ऐकते. अर्धं ऐकू येतं, अर्धं मास्तर अंदाजानं सांगतात, आणि अंदाज छापता येत नाही.

त्याहून मोठी बातमी ही की नगराध्यक्षांनी वकिलामार्फत तुमच्या परिषदेकडे माझी तक्रार केली आहे. चौदा पानी. मागणी काय, तर अहवाल कुणी दिला त्याचं नाव मी सांगावं आणि बातमी मागे घ्यावी. नोटीस परवा आली. तिच्यासोबत आचारसंहितेची पुस्तिका जोडल्याचं लिहिलंय, पण पाकिटात ती नव्हती.

मला खरं तर हसूच आलं. एक म्हणजे, तुमच्या परिषदेच्या हातात ना दंड ना दंडुका. तुम्ही फार तर 'हे बरं झालं नाही' असं म्हणणार. आणि दुसरं म्हणजे, तक्रार येऊन पडली कुठे, तर माझ्या आत्याच्या टेबलावर. आता तूच बघ. नुसतं एवढं कळव की सदस्य मंडळी कुठल्या बाजूला झुकलेली आहेत, म्हणजे मी तसं उत्तर लिहीन.

तांडेलनंही म्हणे एक कागद खरडून पाठवलाय. त्याची वेगळी नोटीस आहे. त्यात काही दम नाही, नगराध्यक्षांनीच लिहून घेतलं असणार. नोकरी त्यांच्या हातात आहे त्याची.

बाबा ठीक आहेत. डोक्याला काही बांधत नाहीत.

तुझी खारू


९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

पत्र मिळालं. सदस्यांबद्दल किंवा प्रकरणाबद्दल मी तुला काहीही सांगू शकत नाही, आणि यापुढे तूही मला विचारू नयेस.

पुस्तिका जो मागेल त्याला मिळते, म्हणून माझी घरची प्रत सोबत पाठवते.

इकडे आता ऊन चढायला लागलंय. गॅलरीतल्या कुंडीत मिरचीचं रोप आपोआप उगवलं. शेजारीण म्हणते तिनंच बी टाकलं होतं, म्हणजे आता मिरच्या वाटून घ्याव्या लागणार. गुडघे तसेच. जिना तसाच.

दादाला नमस्कार.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र उघडलं तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. मिरचीचं रोप, जिना, नमस्कार. मी लहानपणी तुझ्याकडे सुट्टीला यायचे आणि बिस्किटांपासून गोट्यांपर्यंत सगळं उशीखाली साठवायचे म्हणून तू मला खारू म्हणायला लागलीस, ती आत्या ही नव्हे असं म्हणून दोन दिवस गाल फुगवून बसले.

मग मास्तरांनी पुस्तिका चाळली. पान सतरा. कोपरा दुमडलेला, आणि तिसऱ्या परिच्छेदावर तपकिरी डाग, अगदी मोजून मापून टाकल्यासारखा. तो परिच्छेद छायाचित्रांबद्दल आहे. कळलं हो आत्या. थेट सांगता येत नाही म्हणून असं सांगितलंस. मी आणि मास्तर तीन दिवस बोटीच्या फोटोच्या मागे लागलो. कुणी काढला, कधी काढला, परवानगी होती का, सगळं जमवून चार पानं उत्तर तयार केलंय. आता येऊ दे वकिलाला.

दुसरं म्हणजे, तांडेलचं. मास्तरांना चैन पडेना म्हणून त्यांनी वहीच्या प्रती भिंग लावून पाहिल्या. सहीचं पहिलं अक्षर तांडेलच्या नावाचंच, पण धक्क्यावरच्या व्यवस्थापकाचं नावही त्याच अक्षरानं सुरू होतं, आणि सहीची शेपटी पाहिली तर ती व्यवस्थापकाची. म्हणजे माझी चूक झाली. मी ती लपवली नाही. मागच्या अंकात चौथ्या पानावर, बसच्या वेळापत्रकाखाली चार ओळींचा खुलासा टाकला. तो विषय तिथे संपला.

तुझी खारू


२६ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तो डाग खोकल्याच्या औषधाचा आहे. कोपरा दुमडला कारण वाचताना दाराची घंटा वाजली. मी खूण करून पुस्तिका पाठवणारी बाई आहे असं तुला वाटलं याचं मला फार वाईट वाटलं.

आता नीट वाच. तुझ्याविरुद्धच्या तक्रारी आमच्याकडे आल्या त्याच दिवशी मी सचिवांना सांगितलं की संपादक माझ्या भावाची मुलगी आहे. त्यांनी ती फाईल माझ्या टेबलावरून काढून घेतली. या आठवड्यापासून सुनावणी होईपर्यंत मी तळमजल्यावर जुन्या दप्तरात बसते. तुझं काल आलेलं पत्रही मी सचिवांना दाखवलं, कारण त्यात प्रकरणाबद्दल लिहिलं होतंस. त्यांनी वाचून परत दिलं आणि म्हणाले, घरगुती आहे, जपून ठेवा. तरी दाखवलं हे तुला कळायला हवं.

सुनावणीपर्यंत या विषयावर एक अक्षरही नको. लिहिलंस तर मी तेही दाखवीन.

आत्या


१४ मार्च

प्रिय खारू,

तुझं पत्र नाही. दादाचा फोन आला होता. म्हणाला, तू माझं नाव काढलं की ताट घेऊन स्वयंपाकघरात जातेस. जा. पण जेवत जा.

जुन्या दप्तरातली हवा कोंदट आहे, पण एक चांगलं झालं. जिना चढावा लागत नाही, गुडघ्यांना आराम आहे. मिरच्या धरल्या. सहा मी घेतल्या, सहा शेजारणीला दिल्या, ती म्हणते तिला पाच आल्या.

तू रागावली असलीस तरी हे पत्र टाकून देणार नाहीस हे मला माहीत आहे. तू काहीच टाकून देत नाहीस.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

काल सुनावणी झाली. निकाल लागला, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. तरी तुला हे पत्र सचिवांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. आधी हे सांगते की मी तुझ्यावर महिनाभर रागावले होते, आणि काल दुपारी दोनच्या सुमाराला तो राग कुठे गेला ते मला कळलंच नाही.

मी आणि मास्तर सकाळी तुमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. जिना खरंच वाईट आहे. तू रजेवर आहेस असं कळलं. तुझ्या खुर्चीच्या पाठीवर तुझी करडी शाल होती. मास्तर तिच्याकडे बघून नमस्कार करणार होते, मी थांबवलं.

लांब टेबलामागे नऊ माणसं. मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र लावलेले. बाजूला संपादक मंडळी, दोन बातमीदार, आणि वाचकांच्या वतीनं एक निवृत्त परिचारिका. त्या पूर्ण वेळ काहीतरी लिहून घेत होत्या. नगराध्यक्ष स्वतः आले होते. त्यांचे वकील चाळीस मिनिटं बोलले. अहवाल गोपनीय होता, फोडणाऱ्यानं विश्वासघात केला, नाव कळलंच पाहिजे. मग अध्यक्षांनी मला विचारलं, नाव सांगणार का. मी नाही म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. अध्यक्षांनी यंत्र नीट केलं आणि वकिलांना शांतपणे विचारलं, "आज यांनी नाव सांगितलं, तर उद्या बुडायला आलेल्या बोटीचा कागद घेऊन यांच्या दाराशी कोण येईल?" वकिलांनी पानं उलटली.

सभांना दार बंद केल्याचंही विचारलं. नगराध्यक्ष म्हणाले, जागा कमी आहे. परिचारिकाबाईंनी मान वर न करता विचारलं की डिसेंबरपर्यंत जागा किती होती.

मला वाटलं, जिंकलो. फोटोची चार पानं मी पिशवीतून काढलीच नाहीत. फोटोबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

मग त्यांनी तांडेलना बोलावलं.

मी त्यांना तोवर कधी जवळून पाहिलंच नव्हतं, आत्या. मी ज्यांचं नाव पहिल्या पानावर छापलं त्यांना. साठीकडे आलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, आणि ती दोन्ही हातांनी धरलेली. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. अध्यक्षांनी विचारलं, खुलासा छापून आला ना, मग आता तक्रार काय आहे.

ते म्हणाले, "साहेब, पहिल्या पानावर मला बुडवलं आणि चौथ्या पानावर बाहेर काढलं. आमच्याकडे चौथं पान कुणी वाचत नाही."

एक-दोन सदस्य हसले. ते स्वतः हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं की धक्क्यावर त्यांना आता 'सर्वठीक' म्हणतात. आला बघा सर्वठीक, गेला बघा सर्वठीक. मुलगी नववीत आहे, तिलाही वर्गात तेच. आठवडाभर ती शाळेत गेली नाही. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलंच नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणून मला मान वर करता येईना.

परिचारिकाबाईंनी विचारलं, सही तुमची नव्हती, एवढंच तुमचं म्हणणं आहे का. ते म्हणाले, "एवढंच नाही. मी सही करायला नाही म्हटलं होतं. आणि पंप बंद आहे म्हणून दोनदा लिहून दिलं होतं." आणि फाईल उघडून दोन कागद पुढे केले. त्यांच्या हस्ताक्षरातले अर्ज, नोव्हेंबरचा एक, डिसेंबरचा एक, दोन्हींवर अर्ज मिळाल्याचा नगरपालिकेचा शिक्का.

कागद टेबलावरून हातोहात फिरले. वकील नगराध्यक्षांच्या कानाशी लागले. नगराध्यक्ष पाणी प्यायले. माझी बातमी खरी होती, हे सिद्ध करणारा सगळ्यात मोठा पुरावा त्या माणसाच्या घरी कपाटात पडून होता, आणि मी त्यालाच चोर ठरवून मोकळी झाले होते. एक फोन केला असता तर बातमी दुपटीनं मोठी झाली असती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे त्यांचं मोठेपण.

अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही यांना आधी का विचारलं नाहीत?"

मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. वेळ नव्हता, फोन लागत नव्हता, ते नगराध्यक्षांना सावध करतील अशी भीती होती. तिन्ही थोडी थोडी खरी आहेत. पण तांडेल माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखे. मी म्हटलं, "विचारावंसं वाटलंच नाही. ते दोषी आहेत हे मी ठरवून टाकलं होतं."

जेवणानंतर निकाल वाचला. बातमी लोकहिताची होती, ती मागे घ्यायची गरज नाही. नाव सांगायला मला कुणी भाग पाडू शकत नाही. सभेचं दार बंद करणं हा वृत्तपत्रावर दबाव आहे, ते उघडावं. आणि तांडेल यांच्यावर अन्याय झाला, तो ज्या पानावर झाला त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करावा, कारण ज्याच्यावर आरोप करायचा त्याला आधी विचारणं ही संपादकाची पहिली जबाबदारी होती आणि ती पाळली गेली नाही. हे शेवटचं वाक्य वाचताना अध्यक्ष थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ना दंड ना दंडुका असं मी तुला लिहिलं होतं. दंड असता तर तो भरून मी मोकळी झाले असते, आत्या. हे नऊ माणसांसमोर वाचलं गेलं, आणि ते बरोबर होतं.

खाली आल्यावर तांडेल बसथांब्यावर उभे होते. आम्हा तिघांची बस एकच. मी माफी मागितली. ते म्हणाले, बसमध्ये बोलू. पण बसमध्ये खिडकीशी बसले आणि झोपून गेले. मास्तर म्हणाले, माणूस बरेच दिवस झोपला नसावा.

तुझी खारू


४ एप्रिल

प्रिय खारू,

तुझं पत्र जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर कामाला उशिरा बसले. तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तू जन्मलीस तेव्हा.

रजा मी मुद्दाम घेतली होती. तुला जिन्यात पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

आता फाईल बंद झाली, निकाल छापून झाला, कागद कुणालाही बघता येतात. म्हणून आता सांगते. तांडेलांची तक्रार जानेवारीच्या सत्तावीस तारखेला मीच उघडली होती. पाकिटावर पत्ता काय होता माहीत आहे? 'पेपरवाल्यांच्या वरचं जे ऑफिस असेल ते.' खाली शहराचं नाव, बस. पोस्टानं आधी ते तीन दैनिकांच्या कार्यालयात फिरवलं. 'पत्ता हा नव्हे' असे तीन शिक्के आहेत त्यावर. आठव्या दिवशी कुणा शहाण्या पोस्टमननं आमच्याकडे टाकलं.

आत एकच पान. पहिलं वाक्य असं होतं: 'मला पेपर बंद करायचा नाही, तो आमच्या घरी येतो, फक्त माझ्याबद्दल खोटं आलंय ते खरं करून पाहिजे.'

त्याखाली तुझ्या साप्ताहिकाचं नाव वाचलं तेव्हा माझा हात थांबला. मी नोंदवहीत क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला आणि सचिवांच्या खोलीकडे निघाले. पंधरा पावलं आहेत. मधे टेलिफोन आहे. खोटं कशाला सांगू, मी तो उचलला. तुझ्या नंबरचे चार आकडे फिरवले. तुला एवढंच सांगायचं होतं की आजच्या आज उठ आणि त्या माणसाच्या घरी जा. मग ठेवला. तो बिचारा आठ दिवस आमचं दार शोधत होता. दार उघडणारी बाईच मागल्या दारानं तुझ्याकडे धावली असती तर त्यानं मग कुठे जायचं?

त्यानंतर तुला पत्र लिहायचं म्हणजे मिरचीचं रोप सोडून मला काही सुचेना. तुला ते कोरडं वाटलं. वाटणारच. तीन मसुदे फाडून उरलेलं पत्र होतं ते.

चौदा पानांची तक्रारही आम्ही तितक्याच काळजीनं नोंदवली, हेही लक्षात असू दे. त्यांनाही तेच दार आहे. पण तुला मनातलं सांगते. लोक आमच्याकडे दोन प्रकारचे येतात. काहींना वृत्तपत्र गप्प करायचं असतं आणि काहींना ते नीट बोलायला हवं असतं. पाकीट हातात घेतल्यावर आधी कळत नाही. म्हणून सगळी एकाच कात्रीनं उघडायची.

आणि ते 'विचारावंसं वाटलंच नाही' हे उत्तर तू दिलंस, ते सचिवांनी मला येऊन सांगितलं. म्हणाले, तुमची भाची आहे हे मला आज पटलं. घरी येताना मिठाईच्या दुकानात शिरले आणि एकटीनं खाल्ली.

लिफ्ट सुरू झाली आहे. मी परत दुसऱ्या मजल्यावर.

आत्या


२१ एप्रिल

प्रिय आत्या,

मागच्या शनिवारचा अंक सोबत आहे. पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तांडेलांबद्दलची दुरुस्ती. मथळा मी आठ वेळा लिहिला. शेवटी मास्तर म्हणाले, जे झालं ते लिहा, आणि तोच मथळा झाला: 'तांडेलांनी सही केली नव्हती. आम्ही चुकलो.' खाली त्यांचे दोन्ही अर्ज, शिक्क्यांसकट. ते छापायला मी त्यांच्या घरी जाऊन परवानगी घेतली. त्यांची मुलगी मला दारातच म्हणाली, "वाचून दाखवा." मी उभ्यानं सगळा मजकूर वाचला. तिनं एक शब्द बदलायला सांगितला. मी 'अनुभवी' लिहिलं होतं, ती म्हणाली 'सव्वीस वर्षांचे' लिहा, अनुभवी कुणालाही म्हणतात. बदलला.

बाकीच्या दैनिकांनी तुमचा निकाल छापल्यावर दोन दिवसांत नगरपालिकेतून फोन आला की सभेला यावं, खुर्ची ठेवली आहे. शिपाई माझ्यासाठी दार धरून उभा होता. आत जाऊन बघते तर सभा कंटाळवाणी होती. खिडकीखाली बसून ऐकताना बरीच रंगतदार वाटायची. व्यवस्थापकांची चौकशी चालू आहे. यावेळी मी त्यांना फोन केला, त्यांचं म्हणणं तासभर ऐकलं आणि त्यातलं छापण्यासारखं छापलं. मला ते पटलं नाही, पण वाचकांना ठरवू दे.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. चार आकडे फिरवलेस त्या ठिकाणी बाबा उठून बाहेर गेले आणि नाक शिंकरून आले. म्हणाले, तुझी आत्या लहानपणापासून अशीच आहे, खेळात मी बाद झालो होतो हेसुद्धा तिनंच पंचांना सांगितलं होतं. ती गोष्ट त्यांना पन्नास वर्षांनी सुद्धा लागलेली आहे.

आता कालचं सांगते. बोटीला नवे पत्रे बसले, दोन्ही पंप चालू झाले, जाकिटं ऐंशी आली, तपासणी झाली आणि ती पास झाली. काल सकाळी तांडेल आमच्या कार्यालयात आले. पहिल्यांदाच. मास्तरांनी खुर्ची पुसून दिली. ते बसले, खिशातून चष्मा काढला, शनिवारचा अंक मागितला. अंक घरी येतोच म्हणाले, तरी इथं बसून वाचायचाय. पहिल्या ओळीपासून वाचला. चौथं पानही वाचलं, बसच्या वेळापत्रकासकट. मग घडी घालून म्हणाले, "आता दुसरी बातमी घ्या. सोमवारपासून बोट सुरू. पहिली फेरी सकाळी सहा वीसला."

मी लिहून घेतलं. मग त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि धक्क्याच्या कार्यालयाला लावला. मास्तर माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागले. सव्वीस वर्षं जो माणूस ती फेरी नेतो त्याच्या तोंडावर मी वेळ तपासत होते. मलाही कानकोंडं झालं, पण फोन ठेवला नाही.

पलीकडून सांगितलं, वेळापत्रक कालच बदललं. शाळेच्या मुलांसाठी पहिली फेरी आता सहा दहाला.

मी ते त्यांना सांगितलं. ते चष्मा काढून हसायला लागले, अगदी खांदे हलेपर्यंत, आणि मास्तरांना म्हणाले, "बरं झालं बाईंनी विचारलं. नाहीतर परत मलाच पत्र लिहावं लागलं असतं, आणि या खेपेला पत्ता माहीत होता."

सोमवारच्या पहिल्या फेरीला मी आणि बाबा जाणार आहोत. सहा दहाला.

तुझीच,
खारू